विमान चारला निघणार

मी विमान बोलतोय. वर बघू नका, मी वर नाही. मला पंख नाहीत, इंजिन नाही, चाकंसुद्धा नाहीत. मी लोखंडी पाइपांचा आहे. चार माणसं मला खांद्यावर घेतात, तेव्हा मी जमिनीपासून माणसाच्या उंचीएवढा वर जातो. माझं उडणं तेवढंच.

आमच्या लिंगायत लोकांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि बसलेलाच नेतात. ज्यात बसवून नेतात त्याला विमान म्हणतात. हा शब्द कुठून आला मला माहीत नाही. मला माझं नाव कुणी समजावून सांगितलं नाही. मी जन्मलो आणि सगळे मला विमान म्हणू लागले.

आमचं गाव लातूरच्या विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला लागून आहे. तारेच्या आत लांब, काळी, रिकामी धावपट्टी आहे. कधीतरी एखादं छोटं विमान येतं. तिकीट काढून बसायची रोजची विमानं मात्र इथं उतरत नाहीत. त्यामुळे गावात कुणी पाहुण्यानं विचारलं, "इथं विमान हाय का?" तर एखादा चावट माणूस म्हणतो, "हाय की. मठाच्या मागं. पण त्यात बसलेला परत येत न्हाई."

मला गुरुपादप्पांनी बनवून घेतलं. त्यांचं गावात किराण्याचं दुकान होतं. माझ्या आधी दरवेळी बांबूचं विमान बांधत. एकदा एका जाड्या म्हातारीला नेताना बांबू करकरला आणि खांदेकरी घाबरले. त्या आठवड्यात अप्पा लातूरला गेले आणि आनंदराज नावाच्या वेल्डिंगवाल्याच्या दुकानात बसले.

"काय बनवायचं अप्पा? खुर्ची का पालखी?"

"विमान."

"मग पंखं किती फुटाचे ठिवू?"

अप्पांना हसू आलं नाही. "पंखं नको. पाठ तेवढी मागं कलती कर. सरळ ठिवली तर माणूस पुढं येतो."

पाठ जोडून झाली तेव्हा अप्पा चप्पल काढून माझ्यात जाऊन बसले. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. आनंदराजच्या हातातली कांडी खाली पडली.

"उठा ओ अप्पा. कुणी बघितलं तर मला शिव्या देतेल."

"बघू दे. बसायचं तर समद्यालाच हाय. नीट बसता येतंय का बघायला नको?" मग डोळे न उघडता म्हणाले, "चांगलं झालंय. गुडघ्याला जरा जागा वाढव."

माझ्यात जिवंत बसलेला माणूस तो एकच.

त्यानंतर मी मठामागच्या पत्र्याखाली राहायला आलो. माझं काम महिन्या-दोन महिन्यांनी निघायचं. शेजारच्या गावातले लोकही मला ट्रॅक्टरमधून घेऊन जायचे आणि आणून सोडायचे. कामाच्या दिवशी मला धुतात, झेंडू लावतात, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधतात. एरवी माझ्याकडं कुणी बघत नाही. बायका मागून जाताना पदर सावरतात आणि चाल वाढवतात. नवरा-नवरीला देवाला आणतात, तेव्हा मठाला उलट्या बाजूनं फेरी घालतात, मी दिसू नये म्हणून. मला त्याचं काही वाटत नाही. वाटून काय करणार.

फक्त अप्पा यायचे. संध्याकाळी दुकान मुलावर, श्रीशैलवर, सोडून ते माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसायचे. बरोबर धाकटा भाऊ मल्लिनाथ. तिथून धावपट्टी सरळ दिसते. त्या धावपट्टीखाली अप्पांचं एक शेत गेलं होतं. अप्पांना त्याचं वाईट वाटत होतं की नाही, ते त्यांच्या बोलण्यावरून कळायचं नाही. ते फक्त विमानाचा हिशेब करायचे. त्यांची मुलगी अक्षरा बंगळूरला एका दवाखान्यात तपासणीच्या कामाला होती. ती यायची ती नांदेडला उतरून.

"नांदेडचं विमानतळ ते आपलं विमानतळ, वरनं किती रे मल्लिनाथ?"

"वरनं ईस मिनिटं."

"अन् खालनं?"

"खालनं तीन घंटे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. चहा पिला तर साडेतीन."

"मंजी चहा न्हाई प्यायचा."

"तिला सांगा. ती चहाबिगर ऱ्हाती व्हय? तुमचीच लेक ती."

मग अप्पा तारेकडं बघून म्हणायचे, "हितं सुरू झालं की बरं हुईल. आधण ठिवायचं अन् तिला आणाया जायचं. पाणी उकळायच्या आत पोरगी घरात." अशी कितीतरी वर्षं गेली. धावपट्टीवर गवत वाढायचं, कापलं जायचं, पुन्हा वाढायचं.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी अप्पा जेवण करून उठले आणि हात धुतानाच खाली बसले. ते मग उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाहेर काढलं, धुतलं आणि त्यांच्या अंगणात नेऊन ठेवलं. अप्पांना ओसरीत भिंतीला टेकून बसवलं होतं. टाळ वाजत होते. उमाबाई, म्हणजे अप्पांची बायको, पोरांची अव्वा, त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मठाचे स्वामी आले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला तोंड दिसू द्या. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

अक्षराला दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं होतं. बंगळूरहून नांदेड. हैदराबादला उतरली असती तर रात्र झाली असती. स्वामींनी आकाशाकडं बघितलं. दिवस मावळायच्या आत माती द्यायची, असं आमच्या गावात आहे. आणि आमची स्मशानभूमी धावपट्टीच्या पलीकडं आहे. पूर्वी शेतातून सरळ वाट होती. आता तारेच्या कडेकडेनं सगळा वळसा घालावा लागतो. स्वामी म्हणाले, "चारला निघू. पोरगी त्याच्या आत येती."

हिशेब बरोबर होता. ती बाराच्या पुढं उतरणार होती. तीन तास धरले तरी चारच्या आत दारात.

श्रीशैल माझ्या पाइपला टेकून फोनवर बोलला. नांदेडच्या एका ओळखीच्यानं गाडीवाल्याचा नंबर दिला होता. गाडीवाल्याचं नाव दयानंद, राहणारा नांदेडजवळच्या अर्धापूरचा. श्रीशैल रात्रभर जागा होता. मागं टाळ चालू होते, म्हणून तो ओरडून बोलत होता.

"बहीण यायली बंगळूरहून. दुपारचं हाय. नांदेडातून हिकडं आणायचं. आन् ध्यानात ठिवा, विमान चारला निघणार."

"हाव, चारला," पलीकडून आवाज आला. "बेफिकीर ऱ्हावा साहेब. मी हजर ऱ्हातो."

श्रीशैलनं फोन खिशात ठेवला. माझं नाव त्यानं घेतलं होतं. आमच्या गावात त्या शब्दाला दुसरा अर्थ कुणी लावलाच नसता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. दयानंद नंतर माझ्या शेजारी उभा राहून सांगत होता, त्यातून मला कळलं.

अर्धापूरला बसलेल्या माणसानं ऐकलं, विमान चारला निघणार. कुठून? बंगळूरहून. म्हणजे नांदेडला येईपर्यंत पाच-साडेपाच. त्याच्या हातात सगळी दुपार मोकळी होती. त्यानं कंधारचं एक भाडं घेतलं. तो कंधारात पाहुण्यांना सोडत असतानाच अक्षरा नांदेडला उतरली.

बाहेर येऊन तिनं फोन लावला.

"ताई, तुम्ही उतरल्या? तुमचं विमान तर चारला निघणार व्हतं."

तिला एका क्षणात सगळं समजलं असेल. तिनं लहानपणापासून मला मठामागं पाहिलं होतं.

"थांबा ताई, तिथंच थांबा. आलोच मी. पंधरा मिनिटात."

कंधारहून नांदेडचं विमानतळ पंधरा मिनिटांवर नाही. पण आपल्याकडं माणूस कुठंही असला तरी तो पंधरा मिनिटांवर असतो. अक्षरानं त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. विमानातून उतरलेले लोक आपापल्या गाड्यांनी, गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या गाड्यांनी निघून गेले. ती बॅग घेऊन कठड्यावर बसून राहिली. पंधरा मिनिटांनी तिनं परत फोन लावला. तेव्हाही तो आलोच म्हणाला.

इकडं अंगणातून श्रीशैलनं तिला फोन करून विचारलं, "अक्षरा, कुठवर आलीस?"

तिनं सांगितलं, "अण्णा, लोह्यात आले."

हे खोटं होतं. ती अजून त्या कठड्यावरच होती. तिला वाटलं असेल, अजून नांदेडलाच आहे म्हटलं तर हे लोक थांबणार नाहीत. गाडी आली की वेळ भरून काढू. लोक असंच करतात. अंघोळीला बसलेला माणूस फोनवर सांगतो, निघालो. निघालेला सांगतो, पोचलो.

श्रीशैलनं सगळ्यांना सांगितलं, "लोह्यात आली." अंगणातले लोक रस्ता बोटावर मोजू लागले. अहमदपूर, चाकूर, लातूर. कुणीतरी म्हणालं, मंजी तिनाच्या पुढं दारात. उमाबाईंनी अप्पांच्या धोतराची निरी नीट केली. बाई माणूस घरात पाहुणा यायच्या आधी पलंगपोस नीट करते, तसं.

तीन वाजले. मल्लिनाथनं स्वतः फोन लावला. त्यानं आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"कुठं हाईस गं माय?"

"लोह्यात, काका."

मल्लिनाथनं फोन तोंडाजवळ घेतला. "मघाशी बी लोहाच म्हणलीस की."

पलीकडून गाडीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आता खरंच लोह्यात आहे. काका, थांबा."

मल्लिनाथनं फोन खाली ठेवला आणि स्वामींकडं बघून म्हणाला, "आता खरंच म्हणती."

कुणी हसलं नाही. पण सगळ्यांचे चेहरे बदलले. श्रीशैल म्हणाला, "खरंच लोह्यात असली तर साडेपाचपतूर येती. तेवढं थांबू."

"अन् नसली तर?" मल्लिनाथ म्हणाला.

"काका, ती खोटं कशाला बोलंल?"

"मघाशी बोलली का न्हाई?"

स्वामी हळू आवाजात म्हणाले, "माणूस कुठं हाय हे मालूम असलं, तर थांबता येतं. हे कसं करावं?" मग ते ओसरीत गेले आणि उमाबाईंच्या शेजारी वाकले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. उमाबाईंनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. बाकीच्यांना ती हो वाटली.

चारच्या जरा पुढं अप्पांना माझ्यात बसवलं. श्रीशैलनं व्हिडिओ लावून फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. पण तारेजवळ आमच्या गावात रेंज तुटते. अक्षराला अप्पांच्या जागी नुसते पिवळे चौकोन दिसत होते. ती म्हणाली, "अण्णा, बंद कर. नको असं."

त्यानं बंद केला आणि पुढचा दांडा खांद्यावर घेतला.

आम्ही तारेच्या कडेनं निघालो. ऊन तिरपं होतं. धावपट्टी उजव्या हाताला तशीच पडून होती, तिच्यावर एक कुत्रं झोपलं होतं. तारेच्या आतला पहारेकरी आम्हाला बघून स्टुलावरून उठला, टोपी काढून उभा राहिला आणि आम्ही पुढं गेल्यावर परत बसला. अप्पा जड नव्हते. मला काही वाटत नव्हतं. इतक्या लोकांना नेलं की लोखंडालाही सवय होते, असं मी समजत होतो.

पलीकडं खड्डा तयार होता. अप्पांना उतरवून घेतलं. बेलपानं, विभूती, माती. सगळं नेहमीसारखं झालं. लोक हात धुवायला गेले. माझे हार काढले, केळीचे खुंट सोडले आणि रिकामा मी परत निघालो. रिकाम्या मला दोन माणसंही पुरतात. श्रीशैल तरीही पुढचाच दांडा धरून होता.

अर्ध्या वाटेवर समोरून पांढरी गाडी आली. वाट अरुंद आहे. गाडी थांबली, आम्हीही थांबलो. मला खाली ठेवलं.

अक्षरा उतरली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"झालं?"

"झालं."

"माती?"

"दिली. तुझ्या नावानं बी एक मूठ टाकली."

तिनं मान हलवली. सूर्य अजून होता. तारेच्या खांबांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या. मल्लिनाथ पुढं आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "माय, तू लोहा लोहा म्हणत व्हतीस."

"पहिल्यांदा खोटं बोलले काका," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा खरं."

मल्लिनाथनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि तो तारेकडं वळून उभा राहिला.

मग गाडीवाला दयानंद माझ्या जवळ आला. त्यानंच ते सगळं सांगितलं. चारचं, कंधारचं, पंधरा मिनिटांचं. सांगताना तो माझ्या पाइपकडं बघत होता. "आमच्यात तिरडी म्हंतेत साहेब. मला काय मालूम, याला बी विमान म्हंतेत. ताईनं वाटंत सांगितलं तवा कळलं. माझ्या हातानं झालं हे."

"तुमच्या हातानं न्हाई," श्रीशैल म्हणाला. "बोललो मी." कुणी कुणाला रागावलं नाही. रागवायला सगळ्यांकडं जागा होती, पण सगळे दमले होते.

अक्षरानं विचारलं, "अण्णा, अप्पा कसे बसले होते?"

श्रीशैल बोलायला गेला आणि थांबला. तो सगळ्या वाटेनं पुढच्या दांड्याला होता. उचलणाऱ्याला बसलेला दिसत नाही. मल्लिनाथ मागच्या दांड्याला होता, त्याला पाठ दिसली. बाकीचे लोक खाली बघून चालत होते. तिथं एवढी माणसं उभी होती, पण अप्पा कसे बसले होते हे कुणालाच सांगता येईना.

मला माहीत होतं. ते नीट बसले होते. एक गुडघा जरा उचललेला होता. वळणावर त्यांची मान डावीकडं आली आणि कपाळ माझ्या डाव्या पाइपला टेकलं, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. दुकानात दुपारी डुलकी लागलेल्या माणसासारखी. हे सांगायला मला तोंड नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तोंड असावं असं वाटलं.

ती माझ्या डाव्या बाजूला आली. आधाराला म्हणून तिनं पाइप धरला. हात काढला तेव्हा तळहाताला विभूती लागली होती. ती तळहाताकडं बघत राहिली. विभूती कपाळाची आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं तो तळहात तसाच आपल्या कपाळावर टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. दयानंदनं गाडीचं इंजिन बंद केलं.

मग ती म्हणाली, "चला. अव्वा एकटीच असेल."

या गोष्टीला आता काही महिने झाले. मी परत मठामागच्या पत्र्याखाली आहे. लातूरला शववाहिका मिळते, त्यामुळे मला बोलावणं कमी झालंय. सांध्यांना गंज चढलाय. अप्पांच्या दगडावर कुणी बसत नाही. मल्लिनाथ दोन-तीनदा मठात आला, पण मागं आला नाही. श्रीशैल एकदा रंगाचा डबा घेऊन आला होता. त्यानं मला निळा रंग दिला, डावा पाइप मात्र सोडून दिला. का सोडला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मी फार शिकलेला नाही. मला कुणाला उपदेश करायचा नाही. एकच मागणं आहे, तेही भीत भीत सांगतो. तुमच्या घरी असा दिवस येईल. लांब गेलेली लेकरं यायला निघालेली असतील, कुणी नांदेडला उतरेल, कुणी हैदराबादला, आणि मधली वाट कुणीतरी अनोळखी माणूस कापून आणणार असेल. त्याला फोन कराल तेव्हा नुसतं विमान निघणार म्हणू नका. अप्पाला घेऊन निघतोय, असं सांगा. अव्वाला घेऊन निघतोय, असं सांगा.

माझं नाव नाही घेतलं तरी चालेल.